बुधवारी दुपारी एकनंतर

"तुमचं ॲप म्हणतंय बाया बुक. आन् माझ्या रानात एक बाई न्हाई. आता ह्याच्यातलं खरं काय धरू?"

अण्णांनी मोबाईल माझ्या टेबलावर असा आपटला की चहाचा कप बशीत नाचला. स्क्रीनवर हिरवी खूण होती. बुकिंग पक्कं. गाव सांगवी, वार बुधवार, दुपारी एक ते पाच, काम कांदालागवड, दर डबल. पैसेही आगाऊ भरलेले. सॉफ्टवेअरच्या बाजूनं बघितलं तर कुठंच काही चुकलेलं नव्हतं.

"रोप उपटून ठेवलंतं मी," अण्णा म्हणाले. "वाफे भिजवून तयार. बाया येतील, येतील म्हणून बांधावर बसून राहिलो. रोपानं माना टाकल्या माझ्या डोळ्यादेखत. कोनाला बोलायचं आता? ह्या मोबाईलला?"

शेजारच्या खुर्चीत मंदाताई बसल्या होत्या. एरवी मंदाताई असल्या की दुसऱ्याला बोलायला मिळत नाही. त्या दिवशी त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसलेल्या. 

"पुढच्या बुधवारी बाया पाहिजेत," अण्णा उठत म्हणाले. "न्हाई तर तुमची कंपनी तुमच्यापाशी. मी माझं बघतो." त्यांची कोर्टात तारीख होती. ते जिना उतरून गेले तरी आवाज बराच वेळ येत राहिला.

मी बीडमध्ये सॉफ्टवेअर लिहिते. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. जिना चढून येणारे निम्मे लोक 'मॅडम, ॲफिडेव्हिट टाईप करून मिळंल का?' असं विचारतात. आधी मी चिडायचे. आता न बोलता खालच्या दुकानाकडे बोट दाखवते. पुण्यात काही वर्षं नोकरी केली, मग घरच्या कारणानं परत आले. इथं कोचिंग क्लासवाले, दवाखानेवाले, खतांचे दुकानदार असे माझे क्लायंट. त्यांतल्याच एक मंदाताई.

मंदाताईंनी आष्टी तालुक्यात शेतमजूर बायकांची कंपनी काढली आहे. गावोगावच्या बायकांच्या टोळ्या तिच्या सभासद. शेतकऱ्याला खुरपणीला, लागवडीला बाया हव्या असल्या की त्यानं ॲपवर बुक करायचं, पैसे आधी भरायचे. कंपनी बाया पाठवते, बिल करते आणि बाजाराच्या दिवशी बायांचे पैसे चुकते करते. आधी काय व्हायचं? 'देतो पुढच्या आठवड्यात', 'कांदा विकला की देतो'. बाया दारात खेटे घालायच्या. मंदाताईंनी गावोगाव फिरून, ओट्यावर बसून, एकेकीला पटवून हे उभं केलं. त्यांच्या शब्दावर बाया आल्या. आणि अण्णा हे त्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. आष्टीजवळच्या कडा गावाकडे त्यांची मोठी कांदालागवड असते, राजकारणातही वजन आहे. अण्णा आले म्हणून बाकीचे शेतकरी आले.

अण्णा गेल्यावर मंदाताईंनी दुसरी बातमी सांगितली. "सांगवीच्या गयाबाईचा निरोप आलाय. म्हणती, आमची टोळी आता कंपनीत न्हाई."

"का?"

"ते सांगंना. आता सांगवी गेली की बाकीची गावं बी जातेत बघ. वैशाली, तुझ्या त्या दराच्या तक्त्यात काय घोळ हाय का, बघ बरं एकदा."

आता त्या तक्त्याबद्दल थोडं सांगावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे.

मजुरीचा दर आठवडाभर सारखा नसतो. सकाळचा वेगळा, उन्हाच्या वेळचा वेगळा, रविवारचा वेगळा. हे कॉम्प्युटरला कसं समजवायचं? आठवडा म्हणजे कापडाची एक लांब पट्टी समजा, सोमवार ते रविवार. तिच्यावर खडूनं खुणा करायच्या. इथून इथपर्यंत हा दर, तिथून पुढे तो दर. या एकेका तुकड्याला आम्ही इंटरव्हल म्हणतो. रविवार संपला की पुन्हा सोमवार, म्हणून पट्टीची दोन्ही टोकं शिवून टाकायची. झाली बांगडी. तीच दर आठवड्याला फिरत राहते.

यात दोन दुखणी असतात. एक ओव्हरलॅप, म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर चढतात. एकाच तासाला दोन दर निघतात आणि भांडण लागतं. दुसरं गॅप. दोन तुकड्यांमध्ये भोक राहतं, त्या तासाला दरच सापडत नाही आणि बिल अडकतं. तिसरा एक बारीक किडा असतो. सकाळचा तुकडा एक वाजता संपतो आणि दुपारचा एक वाजता सुरू होतो, तर बरोबर एकचा ठोका कोणाचा? आमचा नियम असा की सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा. एकचा ठोका दुपारचा.

हे मी मंदाताईंना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे लेकीसारखंच की. जिथं दिली तिथली."

मी हसले होते. आणि एक कडक तपासणी लिहिली होती. सगळा आठवडा कुठंही भोक न ठेवता भरल्याशिवाय तक्ता सेव्हच होणार नाही. तांबड्या अक्षरात येणार: 'आठवडा अपूर्ण आहे'. या तपासणीचा मला भारी अभिमान. आधीच्या एका क्लायंटकडे अशाच भोकापायी मी चार शिव्या खाल्ल्या होत्या, त्याचा तो उतारा होता.

आता सांगवीचं. आमच्याकडे प्रत्येक मोठ्या गावाचा बाजार वेगळ्या वारी भरतो. सांगवीचा बुधवारी. बाजाराच्या दिवशी शेतातलं काम एक वाजेपर्यंत. मग बाया हातपाय धुऊन बाजाराला जातात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. म्हणून मी प्रत्येक गावाची पट्टी वेगळी केली होती. सांगवीचा तक्ता भरताना आमचं बोलणं झालं ते मला जसंच्या तसं आठवतं.

"बुधवारी एकनंतर काय दर लावू?"

"एकनंतर कोण येतंय गं! बाजार असतो."

"पण ताई, काहीतरी टाकावं लागतं. रिकामं ठेवलं तर सेव्हच होत नाही."

"मग डबल टाक. कोणी मागायचंच न्हाई."

मी डबल टाकलं. हिरवी खूण आली. आम्ही पुढच्या गावाकडे वळलो.

बरेच महिने काही झालं नाही. मग दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघून जातात. गावं अर्धी रिकामी होतात. आणि कांदालागवडही नेमकी तेव्हाच येते. बाई मिळता मिळत नाही. अण्णांनी ॲपवर बघितलं, सांगवीची टोळी बुधवारी दुपारी मोकळी दिसते. दर डबल. त्यांनी बुक केलं. दोन बुधवार बाया गेल्या. तिसऱ्या बुधवारी एकही गेली नाही.

मी मंदाताईंसमोर सगळं तपासलं. बुकिंग बरोबर, दर बरोबर, बिल बरोबर, गयाबाईंच्या मोबाईलवर मेसेजही गेलेला. "ताई, सॉफ्टवेअरचं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले.

"मग बायांचं चुकलंय का?" मंदाताई फटकन म्हणाल्या. "चल उद्या सांगवीला."

खरं सांगते, मी वैतागले होते. माझी कामं पडलेली. पण ताईंचा चेहरा बघून नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी एसटीनं आष्टी, तिथून त्यांच्या स्कूटीवर मागे बसून सांगवी. रस्ता असा, की उतरल्यावर थोडा वेळ पाय आपले आहेत की नाही तेच कळेना.

गयाबाई आणि टोळीतल्या चारपाच जणी एका लिंबाखाली जेवायला बसल्या होत्या. कुणाच्या तरी रानात सावडीनं कांदा लावत होत्या, म्हणजे आज तुझ्यात, उद्या माझ्यात. पैशाचं काम नाही. गयाबाई पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला कमी. आम्हाला बघून त्यांचा चेहरा घट्ट झाला. तरी पहिला शब्द "जेवा" हाच. भाकरी, ठेचा, कांदा. आम्ही बसलो.

मला धीर कुठला! दोन घास खाल्ले आणि मी सुरू झाले. "मावशी, दर कमी पडतोय का? डबलच्या जागी तिप्पट करू का?"

 गयाबाईंनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"बाई, तुमाला लेक हाय?"

"आहे. सातवीत आहे."

"तिला भेटायचं काय घेता तुमी? डबल का तिप्पट?"

 मंदाताई म्हणाल्या, "गया, असं कोड्यात बोलू नको. काय झालंय ते सांग."

गयाबाईंनी सांगितलं. आवाज न चढवता, मातीकडे बघत. "माझी मनीषा पल्याडच्या गावात दिली हाय. लग्नात मानपानावरनं वाकडं आलं. तवापासून माहेरी पाठवत न्हाईत. एक सण न्हाई. आमी गेलो तर दारातूनच वाटं लावतेत. फोन सासूच्या कमरंला. पन सासू बुधवारी सांगवीच्या बाजाराला येती. आन् पाटी उचलायला सून लागती ना, म्हनून मनीला आनती. सासू मिरच्या-भाजी बघत फिरती, तवर मनी कासाराच्या पालामागं येती. तिथं बसतो आमी मायलेकी. बांगड्यावाली कासारीन आमच्या वळखीची हाय, ती नजर ठिवती. तेवढंच भेटनं आमचं. वर्स झालं."

"अगं बाई," मंदाताई पुटपुटल्या.

"सातवा लागलाय तिला. पहिलटकरीन हाय. बाळतपनाला माहेरी धाडत न्हाईत म्हनून सांगून बसलेत. आन् आठव्यात पडली की पाटी उचलायची न्हाई, बाजाराला बी आनायची न्हाईत. मग मी कवा बघू तिला? हे दोनचार बुधवारच हायेत माझ्यापाशी. त्यातले दोन तुमच्या मोबाईलनं खाल्ले."

गयाबाईंनी भाकरीचं फडकं गुंडाळून बाजूला ठेवलं.

"कासारीन सांगत होती, पोर उठायलाच तयार न्हवती म्हनं. आय येती, आय येती, करीत बसली. शेवटी सासूच्या हाका आल्या तवा उठली. आन् मी तवा अण्णांच्या रानात रोप लावायलेते."

मंदाताईंचा आवाज फुटला. "गया, अगं मग मला सांगायचं न्हाई का? मला का न्हाई बोललीस?"

"कोनाला बोलू? तुमचा फोन थोडाच आलता? मोबाईल वाजला, त्याच्यात लिवलंतं बुक. आन् ताई, तुमीच म्हनलंतं, बुक झालं की जायचं, कंपनीचा शब्द असतो. तुमचा शब्द पडू नये म्हनून गेले मी दोन बुधवार. तिसऱ्याला न्हाई झालं माझ्याच्यानं. मी एकटीच न जायची होते. पन ह्या म्हनल्या, गया न्हाई तर आमी बी न्हाई."

"मग काय!" दुसरी एक म्हणाली. "आमाला बी बाजारच हाय की. आठवड्यातनं एकदा चपला घालून, डोकं विंचरून चालते मी. तेवढं बी इकायचं का?"

"आणि या बुधवारी?" मी विचारलं. "तुम्ही बाजाराला गेलात. मनीषा भेटली?"

गयाबाईंनी नुसती मान हलवली. "सासू एकलीच आलती."

त्यानंतर त्यांनी पदर तोंडाला लावला. मला रडू आवरत नाही, आधीच सांगते, माझं डोकं पटकन तापतं आणि डोळेही पटकन भरतात. मी उठून बांधाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तक्ता बरोबर, दर बरोबर, बिल बरोबर, आणि तिकडे एक पोटुशी पोर पालामागं बसून आईची वाट बघतेय. काय करायचं त्या बरोबरचं!

परत निघताना मंदाताई म्हणाल्या, "दहापट कर दर. म्हणजे कोण मागतंय बघू."

"ताई, उद्या कुणाला अडलं तर तो दहापटही देईल. मग?"

"मग करावं काय?"

"आधी अण्णांकडे चला."

मंदाताई कचरल्या. मोठं गिऱ्हाईक, त्यात आधीच भडकलेलं. पण मी तापलेच होते. स्कूटी कड्याच्या वाटेला लावली. अण्णा कांद्याच्या चाळीपुढं बाज टाकून बसले होते. बाजेवर कायम दोनचार माणसं आणि चहा असतोच. आम्हाला बघून त्यांनी माणसं उठवली. मी बसायच्या आधीच बोलायला लागले आणि गयाबाईंचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं, ते सगळं खरं. पन मला एक सांगा. यायचंच नव्हतं तर डबल कशाला टाकलं?"

"कोणी मागू नये म्हणून!" मंदाताई म्हणाल्या.

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांनी कपाळावर असा हात मारून घेतला की शेजारचं कुत्रं उठून बसलं.

"अरारारा! असं हाय होय! आता आलं ध्यानात. मॅडम, माझा ट्रॅक्टर कोनी मागायला आला आन् मला द्यायचा नसला, तर मी काय न्हाई म्हनतो का? न्हाई म्हनलं की माणूस तुटतो. मी डबल भाडं सांगतो. तो काय समजायचं ते समजतो, चहा पितो, जातो. सगळा तालुका असाच चालतो. मंदाताई, तुमी तोंडानं डबल म्हनल्या असत्या ना, मी तिथंच वळखलं असतं, बाया यायच्या न्हाईत. पन डबल म्हनला मोबाईल. मोबाईलचं तोंड कुठं दिसतंय? मला वाटलं, दर हाय. दर हाय तर देऊन टाकला."

मी गपकन बाजेवर बसले. इतकी वर्षं मी कोडमधले किडे शोधते आहे. हा किडा कोडमध्ये नव्हताच. आमच्याकडचं 'नाही' म्हणायचं वळण मी आकडा समजून तक्त्यात भरलं होतं, आणि सांगणाऱ्या मंदाताईंनाही ते जाणवलं नव्हतं.

 अण्णा हळू आवाजात म्हणाले, "कोन हायेत तिच्या सासरचे? नाव सांगा. एका फोनचं काम हाय."

"नको अण्णा," मंदाताई घाईनं म्हणाल्या. "तुमचा फोन गेला की ते चिडतील, आन् पोरीचा बाजार बी बंद होईल. हाय ते राहू द्या."

"हं. ते बी खरंच." त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. "मला बी दोन लेकी हायेत, बाई. मी काय राक्षस न्हाई. पन माझ्या रोपाचं काय? बुधवार दुपार रिकामी घालवून मला जमतंय का?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. प्रत्येक गावाची पट्टी वेगळी आहे ना! सांगवीचा बाजार बुधवारी, पण शेजारच्या गावाचा शनिवारी. बुधवारी दुपारी तिथली टोळी साध्या दरात मोकळी होती. अण्णांनी फक्त सवयीनं सांगवीच बघितलं होतं. मी तिथंच त्यांना मोबाईलवर दाखवलं.

"म्हंजे दोन बुधवार मी उगंच डबल भरले?" अण्णा म्हणाले. "वा रे वा!" पण त्यांनी बुक केलं.

ऑफिसला येऊन मी कामाला लागले. मंदाताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पहिल्यांदा त्यांच्याच सांगण्यावरून बुधवार एकनंतरचा दर शून्य करून बघितला. आणि गंमत म्हणून एक खोटं बुकिंग टाकलं. लगेच हिरवी खूण. सांगवीची टोळी हजर, बिल शून्य.

"आगं बाई! फुकटात?" मंदाताई ओरडल्या. "काढ, काढ ते!"

शून्य दर आणि दर नसणं यात हाच फरक. शून्य म्हणजे 'फुकट येते'. दर नाही म्हणजे 'येतच नाही'. म्हणून मी तो तुकडाच पुसला. आणि माझीच तांबडी अक्षरं पुढे आली: आठवडा अपूर्ण आहे.

माझ्या लाडक्या तपासणीनं मलाच दारात अडवलं होतं. ती सरळ काढून टाकता येत नव्हती. काढली की विसरून राहिलेली भोकं पुन्हा घुसणार आणि बिलं अडकणार. भिंतीला पडलेलं भगदाड आणि भिंतीत ठेवलेली खिडकी, दोन्ही रिकामीच असतात, पण गवंड्याला फरक कळावा लागतो. म्हणून मी तुकड्याचा एक नवा प्रकार केला. त्याला दर नाही, बुकिंग नाही, पण तो मुद्दाम ठेवलेला आहे आणि तपासणीला मान्य आहे. नाव दिलं 'बंद'. तांबडी अक्षरं गेली. मंदाताईंनी त्या चौकोनावरून उगीच बोट फिरवलं, नुकत्याच सारवलेल्या जमिनीवरून फिरवावं तसं.

मग मी गयाबाईंना फोन लावून दिला. मेसेज नाही, फोन. मंदाताई स्वतः बोलल्या. "गया, बुधवार दुपार काढून टाकली बघ. आता कोणालाच दिसायची न्हाई."  पलीकडून एवढंच आलं, "पोर आली पायजे पन."

पुढच्या बुधवारी मी सांगवीच्या बाजारात होते. 'साईटवर जाऊन टेस्टिंग करायचंय,' असं घरी सांगितलं. कसलं टेस्टिंग! मला बघायचं होतं. मिरच्यांचे ढीग, दोऱ्या-चाबूकवाले, शेवचिवडा, लाऊडस्पीकरवर कपड्यांची जाहिरात. मी एका ढकलगाड्यापाशी उसाचा रस घेऊन उभी राहिले, कासाराच्या पालापासून जरा लांब. गयाबाई हातपाय धुऊन, धुवट लुगडं नेसून आल्या. पालामागं जाऊन बसल्या. पिशवीतून एक डबा काढून मांडीवर ठेवला.

रस संपला. दुसरा घेतला. तोही संपला. तेवढ्यात अण्णांचा फोन.

"मॅडम, ते सांगवीपुढं 'बंद' कशाला लिवलंय?"

"अण्णा, आता काय झालं?"

"अहो, बंद दिसलं की आमच्यासारख्याचं बोट दाबून दाबून बघतंय, उघडतंय का म्हनून. तिथं 'बाजार' असं लिवा. बाजार लिवलं की माणूस गप बसतो."

मी हसत होते आणि नजर पालाकडे होती. आणि तेव्हाच ती दिसली. डोक्यावर रिकामी पाटी, एक हात कमरेवर, सावकाश चालत. कासारणीनं नुसती हनुवटी हलवली, मागं जा म्हणून. मी फोन कानाला तसाच धरून जरा जवळ गेले. चांगलं नव्हे ते, पण गेले.

पोरीनं पाटी खाली टाकली. बसलीच नाही. "कुठं गेलतीस?" आवाज रडवेला आणि रागावलेला. "दोन बाजार बसले मी. मागच्याला मी आलेच न्हाई. म्हनलं, तुलाच नको असंल तर कशाला पाटी वाहू."

"कामाला गेलते गं."

"बुधवारचं?"

"चुकलं. आता न्हाई जायची. बस की खाली. बस, मने. डिंकाचा लाडू केलाय."

ती बसली. आईनं डबा उघडला. लाडू खाता खाता पोर रडत होती आणि गयाबाई तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होत्या. फोनवर अण्णा "हॅलो, हॅलो" करत होते. "बदलते अण्णा, आजच बदलते," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं पलीकडून सासूची हाक आली. मनीषानं तोंड पुसलं, पाटी उचलली आणि गेली. गयाबाई रिकामा डबा हातात धरून बसून राहिल्या. मी त्यांना न भेटताच एसटी पकडली.

त्या आठवड्यात मी सगळ्या गावांच्या टोळ्यांना मंदाताईंकरवी एकच प्रश्न विचारायला लावला: तुम्ही कधी येत नाही? उत्तरं काय एकेक आली! एका गावाला बाजार. एका गावाला सोमवारी महादेवाला जाऊन आल्याशिवाय काम नाही. एका टोळीला शनिवारी दुपारी जमत नाही, कारण त्या दिवशी पोरांची शाळा लवकर सुटते. याआधी मी त्यांना फक्त 'दर काय?' एवढंच विचारत आले होते. हल्ली कुठलाही नवा क्लायंट आला की मी आधी 'कधी बंद?' विचारते आणि मग दराला हात घालते. निम्मे घोळ तिथंच मिटतात. सांगवीची टोळी कंपनीत राहिली. अण्णाही राहिले. ॲपवर आता 'बाजार' असंच लिहिलेलं आहे.

सासरच्यांनी मनीषाला माहेरी धाडलं नाही ते नाहीच. आठव्यात तिचा बाजार बंद झाला. बाळंतपण तिकडेच झालं. मुलगा झाल्याचं गयाबाईंना कळलं ते कासारणीकडून.

त्यानंतर सव्वा महिना झाला असेल. मंदाताईंचा फोन आला. "वैशाली, सांगवीचा बुधवार सकाळपासून बंद कर. पण या एकाच बुधवारी हां. पुढच्या आठवड्याला पहिल्यासारखं."

मी कपाळाला हात लावला. माझी पट्टी म्हणजे बांगडी. एक बदल केला की तो दर आठवड्याला फिरून येणार. एका दिवसापुरता अपवाद करायची सोयच मी ठेवली नव्हती. त्यासाठी वेगळा तक्ता, वेगळी तपासणी, बरंच काम होतं. मी तसं सांगणार होते. पण विचारलं, "एकाच बुधवारी काय आहे?"

"तू करून तर दे."

मी ती सोय करून दिली. बिल लावलं नाही. अपवाद टाकताना कारण लिहायला एक छोटा रकाना ठेवला, कारण उगाच कुणी दिवस बंद करू नये. मंगळवारी संध्याकाळी मंदाताईंनी तो भरला. माझ्या स्क्रीनवर लगेच दिसलं.

गाव: सांगवी. बुधवार, पूर्ण दिवस. कारण: गयाचा नातू बाजाराला येतोय, सगळ्याच चाललोय.